गाव कोणतं, देश कोणता

बेंगळुरूत नव्या माणसाशी ओळख व्हायची झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'याव ऊरु?' म्हणजे, गाव कोणतं? भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, बँकेतले साहेब विचारतात. आपल्याकडे 'कुठले तुम्ही?' विचारतात तसंच. मी कोल्हापूर म्हटलं की समोरचा हमखास हात जोडतो आणि महालक्ष्मीला कधी जाऊन आलो ते सांगू लागतो. या प्रश्नात परकेपणा नसतो. तुमच्या गावाचा धागा माझ्या ओळखीच्या कुठल्या गावाशी जुळतो का, एवढंच विचारणाऱ्याला बघायचं असतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही टोचला नाही.

ईशान्य भारतातल्या ऐझॉलच्या, इंफाळच्या, कोहिमाच्या मुलीला मात्र याच रस्त्यावर गाव विचारत नाहीत, देश विचारतात. चीन? नेपाळ? थायलंड? ती 'इंडिया' म्हणाली की समोरचा हसतो, 'नाही, पण खरं कुठली?' असं पुन्हा विचारतो. हा दुसऱ्यांदा आलेला प्रश्न हाच या पुस्तिकेचा विषय आहे. त्या प्रश्नापासून 'चिंकी' या शिवीपर्यंतचं अंतर फार नाही, आणि शिवीपासून अंगावर धावून जाण्यापर्यंतचं अंतर आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी आहे. या अंतरात जी माणसं मधे उभी राहतात, त्यांची ओळख बेंगळुरूतल्या आणि बाहेरच्या मराठी वाचकांना व्हावी म्हणून ही पानं काढली आहेत.

सुरुवात एका नावानं करते. रिनी राल्ते मूळच्या मिझोरामच्या. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी स्त्री-अभ्यास शिकवला. १९१० मध्ये सुरू झालेली ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची जुनी संस्था आहे. 'नॉर्थ ईस्ट सॉलिडॅरिटी' या इथल्या संघटनेच्या अध्यक्ष म्हणून शहराला त्या ठाऊक आहेत. ईशान्येच्या कुणावर हल्ला झाला, कुणाला घरातून काढलं, कुणी आत्महत्या केली, की पत्रकार ज्यांना फोन करतात त्यांतलं हे एक नाव. मिझो भाषेत वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी आदरानं 'पी' लावतात. आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईंना नुसतं 'बाई' म्हणतात, म्हणून मी इथं राल्ते बाई असंच लिहिणार आहे.

बाईंच्या विद्वत्तेतली एक गोष्ट मला त्यांच्या सामाजिक कामाइतकीच महत्त्वाची वाटते. मिझोंमध्ये एक जुनी म्हण आहे: बाईला आणि खेकड्याला धर्म नसतो. बाई लग्न होऊन जाईल त्या घरचा धर्म तिचा, तेव्हा तिला वेगळं कशाला मोजायचं, असा म्हणीचा रोख. राल्ते बाईंनी हीच म्हण हाताशी घेऊन 'खेकड्याचं धर्मशास्त्र' मांडलं. ज्या प्राण्याच्या नावानं बाईला हिणवलं, तोच प्राणी त्यांनी मिझो बाईच्या मुक्तीची खूण म्हणून उचलून धरला. मराठी वाचकाला खेकडा म्हटलं की टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट आठवते, वर चढणाऱ्याचे पाय ओढणाऱ्यांची. ती क्षणभर बाजूला ठेवावी. आपल्याच समाजात, आपल्याच चर्चमध्ये, 'मला का मोजत नाही?' असं विचारण्याची सवय लागलेली बाई हजारो किलोमीटरवरच्या शहरात येते आणि तिथं तिच्या राज्यातल्या मुलामुलींना भारतीय म्हणूनच मोजत नाहीत असं तिला दिसतं. तिनं गप्प बसावं अशी अपेक्षा कशी करायची? अन्यायाविरुद्ध उभं राहणारी माणसं बहुतेक वेळा आधी घरात भांडलेली असतात, असं माझं निरीक्षण आहे.

पण ही पुस्तिका एकट्या बाईंची नाही, आणि त्यांनाही ते रुचलं नसतं असं मला वाटतं. या शहरात मिझोंची संघटना आहे, नागा विद्यार्थ्यांची आहे, मणिपुरी मैतेईंची आहे, आसामच्या लोकांची आहे. एजीपुरा, नीलसंद्रा, कम्मनहळ्ळी, लिंगराजपुरम, कोत्तनूर या भागांत राहणारी, दिवसा मॉलमध्ये, ब्यूटी पार्लरात, हॉटेलच्या मुदपाकखान्यात, कॉल सेंटरात किंवा सोसायटीच्या फाटकावर काम करणारी माणसं रात्री या संघटनांची कामं करतात. त्यांना पगार नाही, मानधन नाही. मोबाइल मात्र रात्री कधीही वाजतो.

'भेदभावाविरुद्ध लढणारा स्वयंसेवक' म्हटलं की डोळ्यापुढं मोर्चा येतो, हातात फलक. ते सगळं असतंच, पण वर्षातले फार थोडे दिवस. उरलेल्या दिवसांचं काम वेगळं. एखाद्या मुलीला कुणी रस्त्यात अडवून घाण बोललं, तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. (कन्नडमध्येही ठाणेच म्हणतात.) तिला कन्नड येत नाही, हवालदाराला हिंदी जेमतेम, आणि लिहून घेणाऱ्याच्या मते हे 'किरकोळ' आहे. तिथं बसून राहायचं, शिवी जशी दिली तशी शब्दशः लिहून घ्यायला लावायची. कारण 'शाब्दिक बाचाबाची झाली' एवढंच कागदावर उतरलं की ती तक्रार अदखलपात्र होते, आपल्या भाषेत एनसी, आणि तिथंच विझते. वंशावरून शिवी दिली हे पहिल्या कागदावर आलं नाही तर पुढं कुठल्याच कागदावर येत नाही. स्वयंसेवकाच्या लढाईतली निम्मी हार-जीत त्या एका परिच्छेदात ठरते.

घराचं तसंच. बेंगळुरूत वर्षानुवर्षांचा रिवाज दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून देण्याचा. डुकराचं मांस शिजवता, आंबवलेल्या मासळीचा वास येतो, मित्र येतात, रात्री उशिरा परतता, अशा कारणांवरून महिन्याभरात खोली सोडायला सांगतात आणि अनामतीतून 'रंगकाम' म्हणून मोठी रक्कम कापतात. पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीसाठी ही वर्षभराची बचत असते. मग कुणीतरी दोन-तीन संध्याकाळी घरमालकाच्या दारात जाऊन बसतं, आवाज न चढवता बोलतं, आणि जमेल तेवढे पैसे सोडवून आणतं.

आणि मृत्यू. हे काम कुणालाही सांगावंसं वाटत नाही, म्हणून मी इथं सांगते. परगावी मेलेल्या मुलाचा देह गावी पोचवायचा तर मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, शवविच्छेदन झालं असेल तर त्याचे कागद, देह टिकवण्यासाठी रसायनं दिल्याचा दाखला, शवपेटी बंद केल्याचा दाखला, एवढं जमवून मग विमान कंपनीच्या मालवाहतूक खिडकीवर उभं राहायचं. आई-बाप डोंगरातल्या कुठल्याशा गावी फोनशी बसलेले असतात. शवागाराबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढणारी ती दोन-तीन माणसं या संघटनांचीच असतात. सत्कार करायचाच असेल तर तो या बाकड्यावरच्या रात्रींचा करायला हवा.

२०१२ हे वर्ष समजून घेतल्याशिवाय या कामाचा पीळ कळत नाही. त्या वर्षी १८ एप्रिलला मणिपूरचा रिचर्ड लोइताम हा १९ वर्षांचा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी बेंगळुरूच्या वसतिगृहात मरण पावला. आदल्या रात्री टीव्हीवरच्या क्रिकेट सामन्यावरून वसतिगृहात भांडण आणि मारहाण झाली होती. रिचर्डला न्याय मिळावा म्हणून देशभर ईशान्येची मुलं रस्त्यावर आली. अनेक शहरांत ती एकमेकांना पहिल्यांदाच अशी भेटत होती. नागा, मिझो, मैतेई, कुकी, खासी यांचं गावाकडे आपसांत पटतंच असं नाही. परक्या शहरात शिवी मात्र सगळ्यांना एकच मिळते. त्या एका शिवीनं त्यांना एकत्र आणलं, हे सांगताना मला आनंद होत नाही.

त्याच जुलैत आसामात कोक्राझार आणि आसपासच्या जिल्ह्यांत बोडो आणि बंगालीभाषक मुसलमान यांच्यात भयंकर हिंसाचार झाला. लाखो लोक छावण्यांत गेले. त्याचे पडसाद म्हणून, आणि हे मराठी वाचकानं नीट लक्षात ठेवावं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात ईशान्येच्या तरुणांना मारहाण झाली. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावरच्या सभेनंतर दंगल उसळली. १४ ऑगस्टला म्हैसूरमध्ये एका तिबेटी विद्यार्थ्याला भोसकलं. तो ना आसामचा, ना बोडो. चेहरा तसा होता, एवढं पुरलं. मग मोबाइलवर संदेश फिरू लागले: रमजान संपेपर्यंत शहर सोडा, अमुक ठिकाणी इतके मारले. त्यातलं बहुतेक खोटं होतं, पण पुण्यातली मारहाण खरी होती. खऱ्याचा एक दाणा असला की अफवेचं पीक किती फोफावतं ते त्या आठवड्यात दिसलं.

१५ ऑगस्टच्या संध्याकाळी, झेंडावंदनाच्या दिवशीच, मॅजेस्टिकजवळच्या सिटी रेल्वे स्टेशनवर हजारो माणसं गुवाहाटीच्या गाडीसाठी जमली. रेल्वेनं जादा गाड्या सोडल्या. कर्नाटकाचे तेव्हाचे गृहमंत्री आर. अशोक स्वतः स्टेशनवर जाऊन 'जाऊ नका' म्हणून विनवत होते. आसाम सरकारनं आपले मंत्री पाठवले. तेव्हाच्या बातम्यांनुसार दोन-तीन दिवसांत सुमारे ३० हजार माणसं एकट्या बेंगळुरूतून गेली. केंद्र सरकारनं १७ ऑगस्टला एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली. दिवसाला पाचच संदेश पाठवता येतील अशी मर्यादा घातली आणि ती नंतर वाढवली. शहरातल्या अनेक हॉटेलांत ताट उचलायला माणूस नव्हता, इमारतींच्या फाटकांवर खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांचे चेहरे इतकी वर्षं कुणी नीट पाहिले नव्हते त्यांची उणीव एका रात्रीत सगळ्यांना भासली.

त्या दिवसांत काही माणसं गाडीत बसली नाहीत. ती फलाटावर उभी राहून आपल्याच माणसांना थांबा म्हणत होती, पोलिसांना घेऊन वस्त्यांत फिरत होती, मोहल्ल्यांतल्या मुस्लिम ज्येष्ठांबरोबर बसत होती. मुस्लिम संघटनांनी पुढं येऊन जाहीर सांगितलं की या मुलांना कुणी हात लावणार नाही. निरनिराळ्या संघटनांचे कार्यकर्ते स्टेशनवर पाणी आणि खाणं वाटत होते. या शहराबद्दल माझं जे काही चांगलं मत आहे त्यातला मोठा भाग त्या तीन दिवसांनी घडवला आहे, आणि जे वाईट आहे त्यातलाही.

कायद्याकडे वळते, कारण स्वयंसेवकाची खरी दमछाक तिथं होते. केंद्रीय गृहखात्यानं २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं की ईशान्येच्या अनुसूचित जमातींच्या माणसांना वंशभेदाची वागणूक मिळाली तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, लावावा. ऐकायला सोपं वाटतं. पण 'अनुसूचित जमात' ही यादी राज्यवार असते. मिझोरामच्या यादीतली मुलगी कर्नाटकात आली की ठाण्यातला अधिकारी विचारतो, तुझी जमात आमच्या यादीत कुठं आहे? या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट उत्तर दिलं: या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही, माणूस देशात जिथं जाईल तिथं ते त्याच्याबरोबर जातं. आपल्या उच्च न्यायालयानं हे म्हटलं याचा मला अभिमान वाटतो. तरी एक भोक राहतंच. मैतेई अनुसूचित जमातींत नाहीत, आसामातले पुष्कळ लोक नाहीत. शिवी देणारा यादी बघून शिवी देत नाही, पण संरक्षण मात्र यादी बघून मिळतं. रिचर्ड लोइतामसारखा मैतेई मुलगा या कायद्यात बसतच नाही.

२९ जानेवारी २०१४ ला दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानियाला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. विशीतला मुलगा. त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून थट्टा झाली, त्यानं दुकानाची काच फोडली, पुढं हे घडलं. त्यानंतर केंद्रानं एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं त्याच जुलैत अहवाल दिला. वंशावरून अपमान करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरावा, दंडविधानात १५३-क आणि ५०९-अ अशी नवी कलमं घालावीत, असं तिनं सुचवलं. कलमं आली नाहीत. २०१६ च्या डिसेंबरात कर्मा दोरजी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं देखरेख समिती नेमायला सांगितली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी तिच्या १०३ व्या कलमात वेगळी तरतूद आहे. खून झाला तर वंश हा शब्द कायद्यात सापडतो. खुनाच्या आधीच्या शंभर शिव्यांसाठी बेझबरुआ समितीनं सुचवलेलं कलम अजून नाही. त्या शंभर शिव्यांचं ओझं राल्ते बाई आणि त्यांच्यासारखी माणसं उचलत आली आहेत.

भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री कोत्तनूरमध्ये मणिपूरच्या तीन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. कन्नड का बोलत नाही, कर्नाटकाचं खाता तर कन्नड बोला, असं म्हणत मारलं. पोलिसांनी तिघांना अटक केली. मला स्वतःला कन्नड शिकायला सहा वर्षं लागली आणि ती शिकल्याचा मला आनंद आहे. ज्या गावात राहायचं तिथली भाषा यावी, या मताची मी आहे. मुंबईत कुणी मराठी शिकत नाही म्हणून मला वाईटही वाटतं. पण मी सहा वर्षं मोडकं कन्नड बोलत होते तेव्हा दुकानदार हसून शब्द दुरुस्त करायचे. त्याच चुकीला त्या मुलांना दगड मिळाले. तीच चूक, फक्त चेहरे निराळे. आपण मराठी माणसांनी या प्रसंगावर बोलताना जपून बोलावं, कारण मुंबईत १९६० च्या दशकात दाक्षिणात्यांवर आणि २००८ मध्ये उत्तरेतून आलेल्या टॅक्सीवाल्यांवर जे झालं ते आपल्या डोळ्यांसमोर झालं. उलट, इथं बेंगळुरूत आपण १६३८ पासूनचे आहोत, शहाजीराजांना ही जहागीर मिळाली तेव्हापासूनचे. चार शतकांजवळ येऊनही आपल्याला कुणी देश विचारत नाही. हे भाग्य आहे आणि ते आपण कमावलेलं नाही.

मार्च २०२० मध्ये 'चिंकी'च्या जागी 'कोरोना' आलं. गृहखात्याला २१ मार्चच्या सुमारास सर्व राज्यांना पत्र पाठवून सांगावं लागलं की ईशान्येच्या माणसांना असं हिणवणाऱ्यांवर कारवाई करा. म्हैसूरमध्ये नागालँडच्या दोघांना किराणा घ्यायला दुकानात सोडलं नाही. मुंबईत मणिपूरच्या एका मुलीवर रस्त्यात कुणीतरी थुंकलं. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा पॅलेस ग्राउंडवर हजारोंची रांग होती. तिथं नावं नोंदवणं, राज्यांचे पास, कुणाला ताप आहे का, कुणाची गाडी कधी, हे बघायला पुन्हा तीच मंडळी. आठ वर्षांपूर्वी ज्यांना थांबवायला ती फलाटावर उभी होती, त्यांनाच आता ती घरी पाठवत होती.

इथं मला स्वतःबद्दल एक सांगायचं आहे. ते न सांगता बाईंच्या कौतुकाचं लिहिलं असतं तर मला माझ्या लिखाणाची लाज वाटली असती. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्यानं राहत होतो त्या इमारतीच्या वार्षिक सभेत एक ठराव आला. शब्द सौम्य होते, 'विशिष्ट खानपानाच्या सवयी असलेल्या भाडेकरूंना' घर देऊ नये. तिसऱ्या मजल्यावर नागालँडच्या दोन बहिणी राहत होत्या. एक परिचारिका होती, दुसरी शिकत होती. माझ्या मुलीला ताप भरला तेव्हा मध्यरात्री त्या परिचारिकेनं येऊन पट्ट्या बदलल्या होत्या. ठरावाला हात वर झाले. मी हात वर केला नाही आणि एक शब्दही बोलले नाही. आम्ही भाडेकरू, आपण कशाला, असं मनाला समजावलं. महिन्याभरात बहिणी गेल्या. त्या निघताना बरोबर त्यांच्या संघटनेची एक बाई होती, सामान उचलायला आणि अनामतीचा हिशेब करायला. ती माझ्याकडे बघून हसली. मी काय केलं होतं, किंवा केलं नव्हतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट खटकत राहिली आहे. ज्याला मारलं त्यानंच तक्रार लिहायची, ज्याला घरातून काढलं त्याच्याच गाववाल्यानं भांडायचं, ज्याचा भाऊ मेला त्याच्याच माणसांनी शवागाराबाहेर बसायचं. जवळजवळ सगळे स्वयंसेवक ईशान्येचेच असतात. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो आणि घरी जातो. त्या सभेत माझ्यासारखी एक मराठी आणि एक कन्नड बाई उठून बोलली असती तर सामान उचलायला कुणाला यावंच लागलं नसतं. म्हणून या पुस्तिकेत गौरवपर लेखांइतकीच जागा साध्या माहितीला दिली आहे: ठाण्यात काय म्हणावं, कोणता कागद मागावा, साक्षीदार म्हणून नाव द्यायला का घाबरू नये. ती पानं ईशान्येच्या मुलांसाठी नाहीत, त्यांना ते सगळं पाठ आहे. ती तुमच्यामाझ्यासाठी आहेत.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९८७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावानं टोळकी फिरत होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. ते दिसलं की मारायचं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुण बँक अधिकाऱ्याला इतकं मारलं की तो काही दिवसांत वारला. तो पारशी होता. चेहऱ्यावरून माणूस ओळखणाऱ्याला नेमकं कुणाला मारतोय याच्याशी देणंघेणं नसतं. पाच वर्षं आधी, १९८२ च्या जूनमध्ये, डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या दांडक्यानं मारलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात या रागात चिनी माणूस मेला, जसा म्हैसूरच्या तिबेटी विद्यार्थ्याला आसामच्या वाटणीचा सुरा झेलावा लागला. चिनच्या मारेकऱ्यांना तुरुंग झाला नाही. तीन वर्षं देखरेख आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड, एवढ्यावर सुटले. पण त्या निकालानंतर हेलन झिया या तरुण पत्रकार आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो, गावाकडे एकमेकांशी न पटणारे लोक, आणि त्यांनी संघटना उभी केली. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या रस्त्यांवर आशियाई म्हाताऱ्यांना ढकलून पाडू लागले तेव्हा कॅलिफोर्नियात ओकलंडच्या चायनाटाउनमध्ये तरुण मुलं त्यांना बाजारात सोबत करायला लागली. ही सोबत करणारी मुलं सगळी आशियाई नव्हती. ते मला फार मोलाचं वाटलं.

आता शेवटी ते फलाटावरचं, कारण ते लिहायचं म्हणूनच मी ही प्रस्तावना लिहायला हो म्हटलं. १६ ऑगस्ट २०१२ ला सकाळी मी सिटी स्टेशनवर होते. माझी आई कोल्हापूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येणार होती. रात्री टीव्हीवर पाहिलं होतं तरी गर्दी पाहून पाय थबकले. फलाटभर पोरं, बॅगा, गुंडाळलेल्या गाद्या, एकाच्या हातात गिटार, एकीच्या कडेवर तान्हं मूल. कुणीही ओरडत नव्हतं, याचीच भीती वाटत होती. आई गाडीतून उतरली आणि म्हणाली, "एवढी पोरं कुठं निघालीत गं? जत्रा हाय का?" मी जमेल तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि खांबाला टेकून बसलेल्या एका मुलीपाशी गेली. वीसेक वर्षांची असेल, पार्लरचा काळा टी-शर्ट अजून अंगात होता.

आईनं तिच्या हिंदीत विचारलं, "बेटी, गाव कंचा तुम्हारा?"

मुलीनं वर पाहिलं. बहुधा तिला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. मग म्हणाली, "गोसाईगाव."

कोक्राझार जिल्ह्यातलं गाव. जिथं खरोखरच घरं जळली होती तिकडेच ती अफवेच्या भीतीनं निघाली होती. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं फक्त शब्द ऐकला होता.

"गोसाईगाव? गोसाव्यांचं गाव? अगं, हे तर आपल्याकडचं नाव," ती मला म्हणाली, आणि खाली बसली. तिनं पिशवीतला दशम्यांचा डबा काढला, चार दशम्या आणि लसणीची चटणी कागदात बांधली. मुलीनं आधी नको म्हटलं, मग दोन्ही हातांनी घेतल्या. आईनं विचारलं किती लांब, मुलगी म्हणाली तीन दिवस. आईनं विचारलं घरी कोण, मुलगी म्हणाली मा आहे, दोन भाऊ आहेत, फोन लागत नाही.

गाडी फलाटावर येत असल्याची घोषणा झाली. सगळी एकदम उठली. मुलीनं बॅग खांद्याला लावली, पुडकं बॅगेच्या वरच्या कप्प्यात नीट आडवं ठेवलं आणि चेन ओढली. आई तिच्यामागून चार पावलं चालत गेली.

"वापस कब?" तिनं विचारलं. "परत कधी येणार गं?"